देवाला जबाबदार धरायचं का? भाच्याच्या मृत्यूनंतर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ताईचा सहा वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगानं गेला. घरातले एक वडीलधारे म्हणाले, "पूर्वजन्मीचे भोग होते, त्याला देव तरी काय करणार?" आणखी कुणी म्हणालं, "देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असणार." तुम्ही विचारताय की देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर या सगळ्याला तोच जबाबदार नाही का? आणि तो काहीच करू शकत नसेल, तर त्याला हात तरी कशाला जोडायचे?

मी धर्माचं तत्त्वज्ञान शिकवत आलोय आणि बरीच वर्षं लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात कुटुंबांशी बोलायला जातो. दोन्हीकडे हाच प्रश्न भेटतो. वर्गात तो फळ्यावर मांडता येतो. वॉर्डात आधी हे ओळखावं लागतं की समोरच्याला उत्तर हवंय की नुसतं विचारून मन मोकळं करायचंय. तुम्ही मुद्देसूद विचारलंय, म्हणून मीही मुद्द्यानं उत्तर देतो. मधला भाग कोरडा वाटला तर सरळ शेवटाकडे जा, तिथे ताईबद्दल लिहिलंय.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकात एक अडकलेत. हे घडलं कशामुळे, हा पहिला. ज्याच्या हातात थांबवणं होतं त्यानं थांबवलं नाही, तर दोष त्याचा का, हा दुसरा. आणि मूल गमावलेल्या आईला यातलं काही सांगायचा अधिकार कुणाला, हा तिसरा. तुमच्या घरात वाद दुसऱ्या प्रश्नावर चाललाय असं दिसतं, पण माणसं दुखावली आहेत ती तिसऱ्यामुळे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देव कशाला म्हणता यावर अवलंबून आहे, हे आधीच कबूल करतो. जैन परंपरा आणि पूर्वमीमांसक (वेदातल्या कर्मकांडाचा विचार करणाऱ्या दर्शनाचे अनुयायी) जग निर्माण करणारा ईश्वर मानतच नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे ही तक्रार कुणाच्या नावानं करायची हाच प्रश्न येतो. नास्तिकाचंही तेच. त्याचं दुःख तसूभर कमी होत नाही, फक्त जाब विचारायला कुणी उरत नाही. देव आहे, त्याला काहीही अशक्य नाही आणि तो पूर्ण दयाळू आहे, या तिन्ही गोष्टी एकदम मानल्या की पेच पडतो. तो ग्रीक विचारवंत एपिक्युरसच्या नावावर सांगितला जातो आणि स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर १७७९ साली छापलेल्या संवादांत तो पुन्हा आला. वाईट थांबवायची देवाची इच्छा आहे पण ताकद नाही, तर तो दुबळा. ताकद आहे पण इच्छा नाही, तर तो दुष्ट. दोन्ही असतील, तर मग वाईट आलं कुठून?

यावर शेकडो वर्षं उत्तरं दिली गेली. सगळी सांगत बसत नाही. तुमच्या घरात जी बोलली जातायत त्यांच्याकडे आणि त्यांच्या जवळपासच्यांकडे बघू.

माणसानं माणसाला दिलेल्या दुःखाबाबत देवाचा बचाव बऱ्यापैकी उभा राहतो. माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर ते वाईट वापरलं जाण्याचा धोकाही द्यावाच लागतो. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली, सर्वशक्तिमान दयाळू देव आणि वाईट या दोन गोष्टी एकत्र मानताच येत नाहीत, असा जोरदार युक्तिवाद केला. अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनी स्वातंत्र्याचा हाच मुद्दा नीट बांधून त्याला उत्तर दिलं आणि ते उत्तर निदान तर्काच्या पातळीवर टिकलं असं आज बरेच जण मानतात. शिवाय आपण देवाच्या खात्यावर टाकतो त्यातलं पुष्कळ माणसाच्या खात्यातलं असतं. जानेवारी २०१० मध्ये हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाखाच्या वर माणसं गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ तीव्रतेचा झाला, म्हणजे सोडलेल्या ऊर्जेच्या हिशेबानं कित्येक पट मोठा, आणि तिथे मृत्यू पाचशेच्या आसपास झाले. केंद्र किती जवळ, किती खोल याचा फरक होताच, पण मोठा फरक इमारती कशा बांधल्या होत्या याचा होता. जमीन हलली हे देवावर ढकला हवं तर, पण कच्च्या बांधकामाखाली जी माणसं मेली त्यांचा जाब इथल्याच कुणालातरी द्यावा लागेल.

पण तुमच्या भाच्याच्या बाबतीत हा बचाव लागूच होत नाही. कुणी स्वातंत्र्याचा गैरवापर केला म्हणून त्याच्या हाडांतल्या मज्जेत पेशी बेसुमार वाढल्या नाहीत. प्लँटिंगा नैसर्गिक दुःखाबद्दल म्हणतात की ते माणसाखेरीज इतर स्वतंत्र शक्तींचं काम असणं तर्कानं अशक्य नाही. तर्कानं अशक्य नाही हे खरं. पण हे वाक्य वॉर्डात कुणाच्या तोंडावर उच्चारून बघा.

आता भोगाकडे येतो. याच्यावर जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडे नव्वद टक्के वेळा हेच ऐकू येतं, आणि ते म्हणणारे वाईट हेतूनं म्हणत नाहीत.

कर्मसिद्धान्त हे विचार म्हणून कच्चं उत्तर नाही. वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप सरळ घेतलाय. जगात इतकी विषमता आणि दुःख आहे, म्हणजे ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो की नाही? सूत्राचं उत्तर आहे, नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेनं जग रचतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्या पिकांना सारखाच पडतो, भात उगवतो की जव हे बीजावर ठरतं. लगेच पुढचा आक्षेप येतो की अगदी पहिल्या वेळी तर कर्मं नव्हतीच, मग तेव्हाची विषमता कुठून आली? त्याला उत्तर म्हणून संसार अनादि मानलाय, पहिली वेळ अशी नाहीच. मांडणी चोख आहे. देव दोषातून सुटतो.

मात्र त्याची किंमत द्यावी लागते. एक तर देव कर्माच्या हिशेबाबाहेर जाऊ शकत नसेल, तर "त्याला काहीही अशक्य नाही" हे सोडावं लागतं. आणि जाऊ शकत असूनही जात नसेल, तर मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. दुसरं म्हणजे देवावरून उचललेला दोष हवेत राहत नाही, तो कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर एका नातेवाईक बाईंनी अगदी मायेनं म्हटलं होतं, "मागचं देणं होतं, फिटलं." मुलाची आई तेव्हा त्याचे पाय चेपत होती. तिचे हात थांबले, पण ती काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "तो तर एवढासा आहे. मग देणं माझंच असणार ना? मी काय केलं होतं?" मुलावरून आईवर जायला त्या वाक्याला दिवसही पुरला नाही. सिद्धान्तात मुलाचं कर्म मुलाचंच असतं हे मी तिला समजावून सांगू शकलो असतो, पण माणूस असा वाचत नाही. आईच्या मनात अपराध आधीच तयार असतो, त्याला फक्त निमित्त लागतं.

मला आणखी एक गोष्ट या उत्तराच्या आड येते, ती वैद्यकाच्या इतिहासातली. तुम्ही लिहिलेला रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, हा मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. १९४०च्या दशकापर्यंत त्यातून जवळजवळ कुणीच मूल वाचत नसे, निदान झालं की काही आठवडे, फार तर काही महिने. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन काही मुलांचा आजार तात्पुरता माघारी गेल्याचं दाखवलं. पुढे औषधांची जोडणी सुधारत गेली, आणि आज उपचारांची नीट सोय असलेल्या देशांत दहातली नऊच्या आसपास मुलं वाचतात. आता मला सांगा, १९४० साली जन्मलेल्या मुलांची पूर्वकर्मं एवढी वाईट आणि आजच्यांची एवढी चांगली, असं काही झालं का? की श्रीमंत देशातल्या मुलांचं संचित गरीब देशातल्या मुलांपेक्षा नेमकं तेवढंच सरस आहे? कर्म मानणारा म्हणू शकतो की औषध मिळणं हेही कर्मातच होतं. मग मात्र काहीही घडलं तरी सिद्धान्त खराच ठरतो, आणि असल्या सिद्धान्तावरून कुणाचं दुःख त्याच्या नावावर लिहायला मी धजावणार नाही.

हा काही बाहेरून आणलेला आक्षेप नाही. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धांना विचारतो की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, ते बरोबर का? बुद्ध आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचं मिश्रण, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, दुसऱ्यानं केलेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. सगळ्याचं खापर पूर्वकर्मावर फोडणं हे जगात उघड दिसणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे जाणं आहे, असं त्यांचं म्हणणं. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात, विमानस्थान नावाच्या भागाच्या तिसऱ्या अध्यायात, आयुष्य ठरलेलं असतं का यावर चर्चा आहे. तिथे म्हटलंय की सगळ्यांचं आयुष्य जर आधीच ठरलेलं असतं, तर कुणी औषध घेतलं नसतं आणि उधळलेल्या हत्ती-घोड्यांपासून कुणी पळालंही नसतं. दैव आणि पुरुषार्थ दोन्ही लागतात, असा चरकाचा निर्वाळा. म्हणजे पूर्वकर्म मानणाऱ्या परंपरांतल्याच जाणत्यांनी त्याला सर्वकारण करायला नकार दिलाय. तुमच्या वडीलधाऱ्यांशी बोलताना हे उपयोगी पडेल. त्यांची श्रद्धा मोडायची गरज नाही, तिच्याच घरातलं हे आहे.

"देवाच्या मनात काहीतरी चांगलं असेल" याचं मोठं रूप जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझनं १७१० साली मांडलं. देवानं शक्य असलेल्या सर्व जगांतून सर्वोत्तम निवडलं, ते हेच. १ नोव्हेंबर १७५५ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना पोर्तुगालच्या लिस्बनला भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत आला, शहराला आग लागली. त्यानंतर युरोपात हे वाक्य सरळ चेहऱ्यानं म्हणणं अवघड झालं. नंतरची जास्त माणुसकीची आवृत्ती धर्माचे तत्त्वज्ञ जॉन हिक यांची, १९६६ची. जग हे सुखासाठी नाही, माणूस घडण्यासाठी आहे, आणि संकटाशिवाय धैर्य, करुणा, चिकाटी यांना अर्थ नाही. हे काही दुःखांना लागू पडतं, माझ्या ओळखीत असे लोक आहेत. पण सहा वर्षांच्या मुलाला घडायला वेळच मिळाला नाही. तो गेल्यानं आईवडील "घडले" असं म्हणायचं, तर मूल साधन झालं. ते मला पटत नाही. आणि जंगलातल्या वणव्यात भाजून, कुणाच्याही नजरेस न पडता, दिवसचे दिवस तडफडून मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचं काय, असं तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ साली विचारलं. त्या वेदनेतून कोण घडलं? हिक यांनाही शेवटी मरणानंतर पुढे चालणाऱ्या प्रवासाचा आधार घ्यावा लागतो. तो ज्याला मानता येतो त्यानं मानावा.

मग माझं मत काय, असं विचाराल. जग शून्यातून निर्माण करणारा, सगळं जाणणारा आणि काहीही करू शकणारा देव जर मानला, तर मला वाटतं हो, तो जबाबदार आहे. मुलाच्या मज्जेतली चूक त्यानं मुद्दाम केली असं मी म्हणत नाही. पण अशा चुका होतात असं जग त्यानं केलं आणि ती घडताना तो बघत होता, एवढं त्या कल्पनेतूनच निघतं. यातून त्याची सुटका करायची धडपड मी सोडून दिली आहे. काही धर्मग्रंथही ती करत नाहीत. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात देव स्वतःच म्हणतो की प्रकाश मी घडवतो आणि अंधारही मीच निर्माण करतो. ज्यांना एवढं जड उत्तर नको आहे ते देवाची ताकद मर्यादित मानतात, दुःखात सोबत असणारा पण सगळं थांबवू न शकणारा देव. मला हा मार्ग पळवाट वाटत नाही. दयाळूपणा आणि सर्वशक्ती यांपैकी एकच ठेवता येत असेल, तर बहुतेक भक्त प्रत्यक्ष जगताना दयाळूपणाच ठेवतात, तोंडानं काहीही म्हणोत. तिसरी वाट आहे ती हिशेब उघडा ठेवून देवाशी बोलत राहण्याची. तुम्ही विचारलंत की मग हात कशाला जोडायचे. माझा अनुभव असा की हात जोडणारे पुष्कळ जण देव निर्दोष ठरलाय म्हणून जोडत नाहीत. बोलायला दुसरं कुणी नाही म्हणून जोडतात, रागानंसुद्धा जोडतात.

तिसरा प्रश्न राहिला, हे कुणी कुणाला सांगावं. बायबलमधल्या ईयोबाच्या कथेत त्याची मुलं, संपत्ती, तब्येत सगळं जातं. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तोवर ते उत्तम मित्र असतात. मग तोंड उघडतात आणि तू काहीतरी पाप केलं असशीलच हे नाना प्रकारे समजावतात. ईयोब देवालाच जाब विचारतो. शेवटी देव बोलतो तेव्हा कारण एकही देत नाही, पण रागावतो तो त्याची वकिली करणाऱ्या मित्रांवर, आणि ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला असं म्हणतो. मला या कथेतला देवाचा जबाब अपुरा वाटतो, मित्रांबद्दलचा निकाल मात्र पूर्ण पटतो.

आपल्याकडे तुकोबांचं घ्या. १६३०च्या आसपासच्या दुष्काळात घर बसलं, बायको अन्न अन्न करत गेली. पुढे तेच म्हणतात, "बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली." हे म्हणण्याचा हक्क त्यांना होता, कारण दिवाळं त्यांचं निघालं होतं. तेच वाक्य त्या वेळी शेजारच्यानं येऊन त्यांना ऐकवलं असतं तर? उद्या, दहा वर्षांनी, ताई स्वतः म्हणाली की या दुःखातून मला काही सापडलं, तर मान डोलवा. तिच्या आधी कुणीही ते म्हणू नये, तुम्हीही नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिल्या प्रश्नाला, कशामुळे झालं याला, साधं खरं उत्तर आहे आणि ते ताईपर्यंत पोचायला हवं. पेशी सतत दुभंगत असतात, प्रत्येक वेळी आतल्या माहितीची नक्कल होते, नकलेत चुका होतात, बहुतेक दुरुस्त होतात, एखादी राहून जाते. मुलांच्या या आजारात बहुतेकदा आईवडिलांनी केलेलं किंवा न केलेलं काहीही कारण नसतं, आनुवंशिक कारण थोड्यांतच सापडतं. मघाशी सांगितलं त्या आईला दुसऱ्या दिवशी मुलाच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक गोल काढून दाखवला, मग त्याचे दोन, दोनाचे चार, आणि एका गोलावर पेन टेकवून म्हणाल्या, "इथे चूक झाली. कुणी केली नाही, झाली." आई तो कागद बराच वेळ बघत बसली. मग तिनं विचारलं, "आणि मी लवकर आणलं असतं तर?" डॉक्टरांनी तारखा काढून तिला दाखवल्या. तुमच्या ताईच्याही मनात असाच एखादा "तर" असेल. तो ओळखा आणि ज्यांनी उपचार केले त्यांच्याकडे तिला एकदा घेऊन जा. मूल गेल्यानंतरही अशी भेट मागता येते, बरेच डॉक्टर आनंदानं वेळ देतात.

वडीलधाऱ्यांशी तुम्ही बोला, ताईवर ते टाकू नका. वाद घालू नका, एकांतात एवढंच सांगा की तुमचं मानणं तुमच्यापाशी, पण तिच्यासमोर भोग हा शब्द नको, ती तो स्वतःवर घेते. बहुतेक जण ऐकतात. भोग म्हणणाऱ्यालाही काहीतरी बोलून धीर द्यायचा असतो आणि हाताशी तेवढंच वाक्य असतं. त्यांना दुसरं काम द्या, तिच्याजवळ बसायचं, पोराच्या आठवणी काढायच्या, त्याचं नाव घ्यायचं. लोक नाव घ्यायला घाबरतात, आईला ते ऐकायचं असतं.

ताई देवघरापासून लांब राहत असेल तर राहू द्या. तासन्‌तास तिथेच बसत असेल तरी बसू द्या. देवाला शिव्या देत असेल तर त्याची बाजू घेऊन मध्ये पडू नका. तिनं तुम्हाला सरळ विचारलं, "देवानं असं का केलं?" तर मी तुमच्या जागी म्हणेन, "मला माहीत नाही, आणि कुणी माहीत असल्याचं सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही." मग थांबेन.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. दुःख महिनोन्‌महिने राहणार, ते स्वाभाविक आहे. पण झोप आणि जेवण सुटत चाललं, "माझ्यामुळेच गेला" हे एकच वाक्य फिरत राहिलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं ती बोलू लागली, तर ते तत्त्वज्ञानाचं काम नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि तुमचंही बघा. मामाला कुणी विचारत नाही. हा प्रश्न तुम्ही ताईच्या नावानं विचारलाय, पण तो बराचसा तुमचाही आहे असं मला वाचताना वाटलं.